पंजाच्या ठशाची कणगी

हल्ली माझ्यात कोंबड्या अंडी घालतात, म्हणून तुम्ही मला खुराडं समजाल. तसं नाही, मित्रांनो. मी धान्याची कणगी आहे, खूप जुनी. पूर्व आफ्रिकेत, उगोगोच्या कोरड्या माळावर, एका धाब्याच्या घरात माझा जन्म झाला. मातिका नावाच्या नव्या सुनेने मला काटक्यांनी विणलं आणि शेणामातीने लिंपलं. माझं पोट तिला जरा वाकडंच जमलं. तिचा नवरा म्वालुको म्हणाला, "ही तर तुझ्या आईसारखी एका बाजूला कललीय की गं." मातिकाने त्याला शेणाचा गोळा फेकून मारला, आणि दोघं हसत सुटली.

माझ्या तळाशी एक वेगळा कप्पा आहे, बियाण्याचा. सुगी झाली की ज्वारीचे निवडक दाणे राखेत घोळून त्यात भरायचे, तोंड मातीने लिंपायचं आणि त्या ओल्या मातीवर घरधन्याने आपला पंजा उमटवायचा. पेरणीला तो ठसा त्यानेच फोडायचा. घरधनी जिवंत असेपर्यंत बायकोने त्याला हात लावायचा नाही. तो फोडते ती विधवाच.

सहा वर्षं मी हे काम चोख केलं. शेजारणी म्हणायच्या, "मातिका, तुझ्या कणगीला कीड म्हणून लागत नाही बाई," आणि मी फुगून जायचे. मातिका आणि म्वालुकोची मुलगी न्येमो माझ्या कडेला धरूनच उभं राहायला शिकली.

मग तुम्ही ज्याला पहिलं महायुद्ध म्हणता, ते आमच्या माळावर आलं. कोण कुणाशी का भांडतंय, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी जर्मनांच्या शिपायांनी गुरं नेली. मग इंग्रजांच्या शिपायांनी माझ्यातलं वरचं धान्य पोत्यांत भरलं. तळातला कप्पा तेवढा त्यांना कळला नाही. ती पोती वाहायला माणूसही त्यांनी आमच्याच घरचा नेला. डोक्यावर ओझं घेतलेला म्वालुको दारातून म्हणाला, "पेरणीपर्यंत येतोच."

पेरणी आली, तो आला नाही. पाऊसही आला नाही. पुढच्या वर्षी माळावर माणसं पटापट मरू लागली. आमच्या घरात गोरखचिंचेची फळं संपली, मग रानातली मुळं संपली, मग निजायची कातडी उकळून झाली. न्येमोचं पोट फुगलं आणि पाय काटक्या झाले.

म्वालुकोची म्हातारी आई भिंतीला टेकून बसलेली असायची. ती म्हणाली, "फोड तो ठसा. पोर जाईल."

"तुमचा मुलगा जिवंत आहे, आत्याबाई."

"मी त्याची आई आहे ना? मी सांगते, फोड."

"फोडला तर मीच त्यांना मेले म्हटल्यासारखं होईल. वाटेत असतील. चार दिवस थांबू."

"तुझे चार दिवस संपणार कधी गं?"

"संपतील. तुम्ही पाणी प्या."

असे कितीतरी चार दिवस गेले. न्येमो माझ्या पोटाला पाठ लावून निजायची, कारण मातीला गारवा होता. तिची पाठ आणि ते दाणे यांच्यामध्ये बोटभर माती होती. मला हात असते तर मीच तो ठसा फोडला असता. एका सकाळी ती उठली नाही. आठवड्याने म्हातारीही गेली. दोघींना पुरायला मातिका एकटीच होती.

लढाई संपली आणि शेजारचा चिलोंगानी परत आला. त्यालाही म्वालुकोबरोबर ओझी वाहायला नेलं होतं. मातिका अंगणात धावली. "भावजी, आमचे हे कुठवर आलेत?"

चिलोंगानी म्हणाला, "वहिनी, तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

"काय?"

"निघाल्यापासून महिन्याभरातच गेला तो. हगवण लागली होती. मीच पुरलं त्याला. साहेबाला म्हटलं, याच्या घरी कळवा. तर म्हणाला, एवढ्यांच्या घरी कोण जातंय."

म्हणजे न्येमो भुकेने रडत होती तेव्हा मातिका विधवाच होती. ठसा फोडायचा हक्क तिला वर्षाहून जास्त काळ होता. तेवढं सांगायला कुणी आलं नव्हतं, एवढंच.

ती घरात आली आणि दगडाने तिने ठसा फोडला. दाणे उत्तम होते. एकालाही कीड नव्हती. मित्रांनो, माझ्या कामाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या वर्षी पाऊस झाला. तिने ते दाणे पेरले, पीक जोमाने आलं, आणि ते तिने कापलंच नाही. पाखरांनी खाल्लं. माझ्यात तिने पुन्हा कधी दाणा भरला नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका, चुलीत घातलंत तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. कुणाच्या घरातला माणूस तुम्ही नेलात आणि तो मेला, तर त्याच्या घरी जाऊन तसं सांगा. तिथे कुणीतरी पोर उपाशी ठेवून त्याची वाट बघत असेल.