शिवदासचा वाटा

"वाचून सही कर," अलिबागच्या कचेरीतला कारकून शिवदासला म्हणाला आणि नीराबाईच्या तोंडून शिवी सुटता सुटता राहिली. नवऱ्याचे दोन्ही डोळे गेलेले. लढाईच्या वेळेला तो सरकारी जहाजावर खलाशी होता, तिथं बॉयलर फुटला नि उकळती वाफ तोंडावर आली. सरकारनं घरी धाडला आणि पेन्शनीचं मागाहून बघू म्हणालं. इंग्रज गेला, स्वराज्य आलं, तरी ते मागाहून काही उजाडेना.

"दादा, त्याला दिसत न्हाय," नीराबाई बोलली.

"मग तसा डॉक्टरचा दाखला आणा."

"गेल्या साली दिला कनी!"

"तो गेल्या सालचा. यंदाही आंधळाच आहे कशावरून?"

घ्या! डोळे म्हणजे काय ओहोटीचं पाणी, गेलं तसं परत यायला? पण कचेरीत तोंड उघडायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती मुकाट त्याचा हात धरून डॉक्टरच्या दारात जाऊन बसली.

नीराबाई माझी शेजारीण. दोघींच्या घरात एक कुडाची भिंत, त्यामुळं मला सगळं ठाऊक. थळाहून अलिबागेला आंधळ्याला हाताशी धरून चालत जायचं, अंगठा उठवायचा, परत यायचं. लोक हसायचे. मी एकदा बोललेसुद्धा, "अगो, सरकारच्या दारात कशाला झिजतेस? देवळात तरी नारळ मिळंल."

तर माझ्यावरच उसळली. "तुझं काय जातंय बोलायला? मागचा पाऊस तू बघितलास कनी?"

बघितला होता. पावसात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद. दोन महिने त्या घरात टाकळ्याचा पाला उकडून खाल्ला. त्यातच तिची धाकटी, नलू, तापात गेली. ताप नावाला, पोर उपाशी मेली. आता एकटी केसर उरलेली. येता पाऊस केसरला जगवायची, एवढ्यासाठी तिला पेन्शन पाहिजे होती.

बाकीच्या दिवसांत चूल पेटायची ती वाट्यावर. आमच्या किनाऱ्याची रीतच तशी. होडी लागली की खलाशी वाळूत गोल करून बसतात आणि तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, प्रत्येकापुढं मासळीचा ढीग घालतो. होडीवर राबलेला माणूस पुढं लुळा होवो, पांगळा होवो, मरेस्तोवर त्याचा ढीग पडतो. शिवदास लढाईवर जायच्या आधी कोंडाजी तांडेलाच्या होडीवर होता. म्हणून आंधळा झाला तरी रोज काठी टेकत यायचा, गोलात मांडी घालून बसायचा. त्याचा ढीग सगळ्यांत लहान, पण खलाशाचा. त्याला कुणी धर्म म्हणायचं नाही; धर्म पलीकडं बसणाऱ्या बाहेरगावच्या मागणाऱ्यांना. म्हटलं तर डोकी फुटतील.

शिमगा सरला आणि पेन्शनीच्या चौकशीला साहेब आला. ऐन वाटे पडायच्या वेळेला. टोपी सांभाळत, वासानं नाकाला रुमाल लावून उभा राहिला.

"शिवदास कोण? काही मिळकत?"

"कसली मिळकत, साहेब!" नीराबाई पुढं झाली. "आंदला मानूस."

"मग समोर ही मासळी कुणाची?"

झालं. कोंडाजीला वाटलं, साहेब आपल्याला विचारतोय तर गावाची अब्रू राखली पाहिजे. छाती काढून बोलला, "ती त्याचीच! आमच्या गावात कोन उपाशी मरत न्हाय, साहेब. त्याचा वाटा हाय."

कोण उपाशी मरत नाही म्हणे. नलूला पुरायला हाच होता की!

"वाटा कामाचा की धर्माचा?"

"धर्माचा?" कोंडाजी लाल झाला. "कोल्याच्या गोलात भीक वाटत न्हाईत! खलाशी हाय तो माजा. खलाशाचा वाटा."

साहेब लिहायला लागला तशी नीराबाईनं त्याचे पाय धरले. "लिवू नका, साहेब! भीक हाय ती! काम काय करनार तो? दया येते म्हनून टाकतान हे चार बोंबील. भीकच घालतान आमाला!"

शिवदासची मान खाली गेली. "नीरे, गप," एवढंच तो पुटपुटला.

साहेबानं कोंडाजीकडं बघितलं. "बाई म्हणते भीक. तुम्ही काय म्हणता? नीट सांगा, सरकारी काम आहे."

मी कोंडाजीला डोळ्यानं खुणावलं, मेल्या, हो म्हण, तुझं काय जातंय! पण तो माझ्याकडं बघतोय कशाला? "भीक न्हाय," तो दात खाऊन बोलला. "वाटा हाय. शंभर जनांना विचारा." आणि जाताना साहेबाच्या हातात ढिगातले दोन सरंगे दिले. साहेबानं ते रुमालात बांधून नेले.

पावसाच्या तोंडावर कागद आला. अर्जदाराला निर्वाहाचं साधन आहे, सबब पेन्शन नामंजूर. शाळामास्तरानं वाचून दाखवला. नीराबाई रडली नाही, नुसती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी होडी लागली. शिवदास गोलात बसला. ढीग पडले, ज्यानं त्यानं टोपलीत भरले आणि उठले. शिवदास पुढ्यातली वाळू चाचपत राहिला. डावीकडं चाचपली, उजवीकडं चाचपली. हाताला एक शिंपली लागली, ती सोडली.

"तांडेल, माजा ढीग कुटं?"

"तुजी बायको चारचौघांत भीक बोलली," कोंडाजी म्हणाला. "माज्या गोलात भीक नसते. वाटा पायजे तर तिनं शब्द मागं घ्यावा."

"घेते!" नीराबाई पळत आली. "पाया पडते, घेते मागं!"

"साहेबासमोर बोललीस, साहेबासमोरच मागं घे. आन त्याला बोलावून."

एवढा दगड माणूस मी बघितला नाही. त्या दिवशी माझ्या टोपलीतले मूठभर मी तिच्या चुलीपाशी ठेवून आले. रोज कुठून ठेवणार? माझ्या घरात काय सोन्याचा धूर निघतोय?

पुढं तीन दिवस तिकडं चुलीचा धूर दिसला नाही. केसर भिंतीपलीकडं किरकिरत होती, मग तिला किरकिरायला पण त्राण उरलं नाही. चौथ्या दिवशी होडी लागली तसा शिवदास एकटाच आला. गोलाकडं वळला नाही. पलीकडं बाहेरगावचे मागणारे बसतात, काठीनं जागा बघत त्यांच्यात जाऊन बसला आणि ओंजळ पुढं केली.

"घाल, मायबाप," म्हणाला.

कोंडाजी टोपली घेऊन तिकडं गेला. मग वाकला आणि ओंजळ भरून वर त्याच्या मांडीवर घालत राहिला. वाटा म्हणून घालायचा त्याच्या दुप्पट.