साफ न लिहिलेली चिठ्ठी

शरणम्माची दोन लेकरं पोटातच गेली होती. पहिलं सातव्या महिन्यात, दुसरं आठव्यात. जळकोटकडच्या त्यांच्या खेड्यात कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे हिची कूसच जळकी. सासू उमाबाई तोंडानं बोलत नसे. पण कुणाच्या ओटीभरणाची वेळ आली की सुनेला हळूच आत पाठवी.

तिसऱ्यांदा दिवस गेले ते साल दुष्काळाचं. रोजगार हमीच्या तलावावर माती वाहणाऱ्या बायकांना बघायला नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी शरणम्माची सगळी हकिगत ऐकली नि चिठ्ठी लिहून दिली. "लातूरला जा. जिल्हा झाल्यापासून तिथं रक्त तपासतात. दोन गेली म्हणतीस, मग ही तपासणी चुकवू नकोस."

नवरा मलप्पा ट्रक घेऊन हैदराबादकडं गेला होता. म्हणून जाऊ नीलाबाई सोबत निघाली.

दवाखान्यात रक्त दिलं आणि दोघी व्हरांड्यात बसल्या. दुपार कलली. बायका आत बोलावल्या जात होत्या आणि नुसत्याच परत येत होत्या. शरणम्माचं नाव आलं तेव्हा रक्त तपासणारे भुजंगराव सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता म्हणाले, "आज रिपोर्ट न्हाई मिळायचा, माय. उद्या या."

"उद्या? साहेब, दोन गाड्या बदलून आलोय आम्ही. काय दिसलं तेवढं सांगा की."

"दिसायला तर साफच दिसलं."

शरणम्माच्या जिवात जीव आला. "मंग साफ लिहून द्या. घरी सासूला दाखवायचंय."

भुजंगराव आता तिच्याकडं वळले. "ऐक. माझ्याजवळ एक जुनं रक्त हाय. त्यात रोग हाय हे पक्कं ठाऊक हाय मला. रोज आधी ते तपासतो, मग तुमचं. आज तेबी साफ दिसायलंय. नळाला पाणी न्हाई, टँकरचं पाणी गाळून तपासणीचं औषध बनवलं, तिथंच बिघडलं. रोगी रक्त साफ दिसतंय, तर तुझ्या साफवर मी कसा भरवसा ठेवू?"

"एक अक्षर तर लिहायचंय, साहेब."

"त्याच अक्षरावर तुझं लेकरू हाय," ते म्हणाले आणि नळी जपून बर्फाच्या पेटीत ठेवली.

नीलाबाई रस्ताभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. दोघी देवळाच्या ओवरीत राहिल्या. सकाळी दवाखान्यात आल्या तर भुजंगराव सायकलवरून उतरत होते. कॅरिअरला दोरीनं बांधलेली काचेची मोठी बाटली. कॉलेजातून शुद्ध पाणी मागून आणलं होतं.

तासाभरानं त्यांनी शरणम्माला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आज नव्या औषधानं जुन्या रक्तात रोगाची खूण असलेल्या गुठळ्या दिसल्या होत्या. तिच्याही रक्तात दिसल्या. भुजंगरावांनी पुन्हा नव्यानं करून पाहिलं, तरी त्याच.

"हा सिफिलिस. गावाकडं याला गरमी म्हणतात," बाईंनी दार लावून सांगितलं. "पोटातल्या बाळाला हाच रोग मारतो. तुझ्या कुशीचा दोष नाही. पाचवा महिना आहे, वेळ गेलेली नाही. आठवड्याला एक, अशी तीन वेळा पेनिसिलिनची सुई. आणि नवऱ्यालाही घ्यावी लागेल."

शरणम्मा रडली. पण दोन वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी दोष नाही असं म्हटलं होतं. त्या रडण्यात दुःख थोडंच होतं.

मलप्पा परतला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. मग आईला हाक मारून म्हणाला, "अव्वा, हिला कुणी काय बोलायचं न्हाई. रोग म्या आणला. रस्त्यावर वंगाळ वागलो." उमाबाई उठली, भाकरीचं ताट आणून आधी सुनेपुढं ठेवलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

दोघांनी सुया घेतल्या. दर महिन्याला रक्त तपासलं. रोगाचा आकडा उतरत गेला. नऊ महिने भरले आणि पोरगी झाली. लाल, किडकिडीत, पण आवाज असा की बाहेर उभ्या मलप्पाला विचारावं लागलं नाही. तिचंही रक्त तपासलं, खबरदारीची सुई दिली.

पोरगी तीन महिन्यांची झाल्यावर शरणम्मा तिला घेऊन भुजंगरावांसमोर उभी राहिली. "साहेब, त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं असतं तर ही नसती."

भुजंगराव कावरेबावरे झाले. पोरीला हात लावावा की नाही कळेना, म्हणून आधी साबणानं हात धुऊन आले. मग एक बोट तिच्या मुठीत दिलं. तिनं ते घट्ट धरलं.

"बरं वाटलं, माय," ते म्हणाले. "इथनं चिठ्ठी जाते, माणूस जातं. पुढं काय झालं ते सांगायला कुणी येत न्हाई."

"आणखी एक काम हाय," शरणम्मा म्हणाली आणि दाराकडं वळली. बाहेर तिच्या गावच्या सहा गरोदर बायका उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं, पदर सावरत, नीलाबाई.