दोनशे बारावी ओळ

ज्याच्या हाती निवाडा असतो, त्याने आपले माप आधी तपासावे, हे आपण सारेच मान्य करतो. पण तेच माप वर्षानुवर्षे विश्वासाने वापरणाऱ्याला ते तपासण्याचे स्मरण राहत नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेतील माझ्या ज्येष्ठ सहकारी ओदील यांच्या हातून असेच घडले.

अकरा वर्षांपूर्वी वोआरों गावचे शाळामास्तर रेमी त्रूसिए यांनी प्रचंड मॅट्रिक्सचे, म्हणजे संख्यांच्या ओळी-स्तंभांच्या चौकटीचे, अचूक विघटन जलद करणारी रीत गणिताच्या एका नियतकालिकाकडे धाडली. गुप्त परीक्षक ओदील होत्या. चाचणीत त्रूसिएंच्या रीतीने स्वतंत्र, म्हणजे इतर ओळींतून न निघणाऱ्या, ओळी दोनशे बारा निघाल्या, ओदील यांच्या संगणकीय आज्ञावलीने दोनशे अकरा. ‘रीत सदोष आहे,’ असे त्यांनी लिहिले आणि लेख नाकारला गेला. वास्तविक दोघांचाही हिशेब एकेका मूळ, म्हणजे अविभाज्य, संख्येने भागून उरलेल्या बाक्यांवर चाले. अशा भागाकारात एखादी ओळ हरपू शकते, नवी जन्मत नाही. म्हणून आपले उत्तर लहान निघाले, तर प्रथम आपली मूळ संख्या बदलून पाहावी, हे आम्ही नवख्यांनाही शिकवतो. ओदील यांनी ती बदलली गेल्या महिन्यात, सहज. उत्तर दोनशे बारा आले.

रविवारी मी त्यांच्यासोबत वोआरोंला गेलो. त्रूसिए अक्रोड फोडत बसले होते.

“मस्यू त्रूसिए, तो अभिप्राय माझा होता. चूक माझी होती.”

“ठाऊक आहे, मादाम. तीन शब्दांत माणसाला गाडणारं या खोऱ्यात दुसरं कोण आहे?”

“मग उलट का नाही लिहिलंत?”

“तुमच्याच आज्ञावलीवर शिकलो मी. ती चुकेल, असं म्हणायची छाती झाली नाही. पुढं तीच रीत दुसऱ्या कुणी छापली.”

“तुमची आधीची होती. मी नाव उघड करून तसं लिहिते.”

“लिहा की!” त्यांच्या पत्नी जोस्लीन आतून म्हणाल्या. “पण ह्यांनी त्या दिवसापासून कागदाला हात लावलेला नाही, तेही लिहा. अकरा वर्षं नुसते अक्रोड!”

त्रूसिए ओशाळून हसले. “खरंय. कागद तर जाळलेच. सिद्धतेतली मधली पायरी आता माझी मलाच आठवत नाही.”

“मला आठवते,” ओदील म्हणाल्या.

टरफले बाजूला सारून त्यांनी अक्रोडांच्या कागदी पिशवीवर ती पायरी लिहिली, एकदाही न अडखळता. त्रूसिएंनी पिशवी हाती घेतली, चष्मा पुसला आणि बोट फिरवत ते वाचू लागले.

त्या टेबलावर पुन्हा कागद पसरोत. आणि पश्चात्तापाने लिहिणाऱ्या त्या हाताला स्वास्थ्य लाभो.