डब्यातला चाफा

“सुतळी कशाला आणलीत?”

पौडच्या बाजारातून आणलेली पिशवी अनसूयाने ओट्यावर पालथी केली होती. कांदे, चहापूड, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि या सगळ्यांच्या वर सुतळीचा भला मोठा गुंडा. तो मी पिशवीच्या अगदी तळाशी लपवला होता. पिशवी पालथी केली की तळातलं वर येतं, एवढं साधं गणित पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं ओव्हरसियर म्हणून काढलेल्या माणसाला कळू नये, म्हणजे कमालच म्हणायची.

“असू दे घरात. लागते कधीतरी,” मी म्हणालो.

गुंडा हातात घेऊन तिने वजन केल्यासारखा वरखाली केला आणि खिडकीतून कुंपणाच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे रोपं लावलेले तिचे अकरा डबे ओळीने उभे होते. सुटलो, असं मला वाटलं. संध्याकाळी बाहेर आलो तर बाईसाहेब एकेका डब्याची कड दाबून पाहत होत्या, कुठला उचलताना टिकेल आणि कुठला फाटेल. म्हणजे तिला कळलं होतं.

कळायचंच. आमच्या संसारात नऊ बदल्या झाल्या. बदलीची ऑर्डर आली हे मी तिला तोंडाने कधीच आधी सांगू शकलो नाही. धीरच व्हायचा नाही. दर वेळी घरात आधी सुतळी यायची, मग ती भांड्यांची पोती शोधायला लागायची आणि मग चार दिवसांनी मी घसा खाकरून म्हणायचो, “अगं, ते आपलं...” “कधी निघायचं?” एवढंच ती विचारायची.

पण आता मी निवृत्त होतो. ऑर्डर काढणारा कुणी साहेब उरला नव्हता. ही दहावी बदली माझी मीच करून घेतली होती, आणि पंधरा दिवस ती पोटात ठेवून घरभर येरझाऱ्या घालत होतो.

झालं होतं असं. कोळवणात आम्ही घर बांधलं ते २००० साली. गेणबा ढमाले यांच्या भाताच्या खाचरांच्या वरचा तुकडा, दोन खोल्या, पुढे अंगण. तिथे आठ पावसाळे सुखाने गेले. नववा आला आणि जुलैमध्ये एका सकाळी माझ्या छातीत कळ आली. रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. गेणबाच्या पुतण्याने जीप काढली, चार माणसांनी झाड बाजूला ओढलं, आणि पुण्यात दवाखान्यात पोचायला अडीच तास लागले. मी वाचलो. पण ते अडीच तास माझ्या डोक्यातून जाईनात. रात्री पाऊस वाजायला लागला की रस्ता आठवायचा. मी उभ्या आयुष्यात धरणांच्या भिंतींवरून फिरलो, कधी घाबरलो नाही. इथे पत्र्यावरच्या पावसाला घाबरत होतो.

आमचा किशोर हिंजवडीत कंपनीत असतो. त्याने कोथरूडला फ्लॅट घेतला, सातव्या मजल्यावर. “बाबा, खाली मेडिकल आहे, समोर कार्डिऑलॉजिस्ट आहे, अजून काय पाहिजे?” तो म्हणाला. मोबाइलची रेंज आमच्याकडे फक्त फाटकापाशी येते. तिथे उभा राहून मी हो म्हणून टाकलं. पुढच्या पावसाच्या आत, म्हणजे मेच्या शेवटच्या रविवारी, तो टेम्पो घेऊन येणार होता.

आता डब्यांचं सांगायला हवं. लग्नानंतर पहिली नेमणूक भंडाऱ्याकडे. अनसूया माहेरची सांगोल्याची, म्हणजे पाणी जपून वापरणारी. तिने क्वार्टरच्या दारात लिंबू लावला. आळं केलं, भांड्यांचं, अंघोळीचं पाणी त्यात सोडलं. तिकडचा उन्हाळा पोळून काढणारा, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. दुपारी ती त्या लिंबावर ओलं पोतं धरायची. चौथ्या वर्षी त्याला पहिल्या कळ्या आल्या आणि त्याच आठवड्यात बदली आली. तिने तो मुळासकट खणून ट्रकमध्ये घेतला. नागपूर ओलांडेपर्यंत पानं लोंबली, नगरला पोचेपर्यंत काडी झाली. ती काडी तिने स्वतःच्या हाताने रस्त्याकडेला ठेवली. रडली नाही. पण त्यानंतर तिने नियम केला, चार महिन्यांच्या वर टिकणारं काही जमिनीत लावायचं नाही. मेथी, झेंडू, दोडका जमिनीत. बाकी सगळं तेलाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात.

आणि डब्यांचाही एक नियम. दर अमावस्येला प्रत्येक डबा वीतभर सरकवायचा.

“एका जागी राहिला की खालून मूळ उतरतं,” ती म्हणायची. “मग निघताना जीव जातो त्याचा.”

तर असे आमचे डबे महाराष्ट्र फिरले. पैठणकडे पाणी मोजून, पण हवा इतकी कोरडी की गुलाबाच्या पानावर कधी डाग म्हणून पडला नाही. सावंतवाडीकडे नुसती काठी रोवली तरी फुटायची, पण सकाळी पाहावं तर गोगलगायी निम्मी रोपं फस्त करून गेलेल्या. सोनचाफ्याचं कलम तिला तिकडेच कुणी दिलं. ते डब्यात बसून पुढे सोलापूरकडच्या उन्हात आलं, तिथे पानांच्या कडा जळाल्या, तरी जगलं. फुलायचं मात्र नाव नाही.

कोळवणात तिची वेगळीच फजिती झाली. पहिल्या वर्षी तिने सवयीने टोमॅटोच्या रोपांना छान गोल आळी केली. आठवडाभरात प्रत्येक आळ्याचं डबकं झालं आणि रोपं कुजली. गेणबा कुंपणावरून बघून पोट धरून हसला.

“वहिनी, हितं पानी आडवायचं न्हाई, घालवायचं असतंया! भर लावा मातीची, उच्ची करा. आळं कशापायी?”

“आमच्याकडं पाण्याला जाऊ देत नाहीत भाऊ,” ती ओशाळून म्हणाली.

डबेही इथे टिकेनात. पैठणला एक डबा वर्षानुवर्षं चालायचा, इथे तिसऱ्या पावसाळ्याला तळ गंजून चाळण. ती पौडच्या मिठाईवाल्याकडून नवे डबे आणायची, रोपं बदलायची. चाफ्याचा डबा मात्र बरीच वर्षं तोच दिसत होता, वरून काळा रंग फासलेला. मला वाटलं, वय झालं, विसरली असेल.

घराचा पाया भरला तेव्हा मी तिला मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, “आता बदली नाही. आता काय लावायचं ते जमिनीत लाव.”

“बघू,” ती म्हणाली होती.

नऊ वर्षं तिने काही लावलं नाही. अमावस्या आली की सर्र सर्र डबे सरकवण्याचा आवाज. मला त्या आवाजाचा राग यायचा. एवढा शब्द दिला तरी बाईचा विश्वास नाही, म्हणजे काय! दोनदा मी बोलूनही दाखवलं. ती नुसती हसली.

शेवटी शनिवारी मी घसा खाकरला. “अगं, ते आपलं किशोर म्हणतोय...”

“उद्या ना? त्याने मला मागच्याच आठवड्यात फोनवर विचारलं, आई तुझी तयारी झाली का.” ती भांड्यांच्या पोत्याला गाठ मारत होती. “बाल्कनीत चार डबे मावतात म्हणाला. चाफा, मोगरा, तुळस आणि कढीपत्ता घेते. बाकीचे गेणबाभाऊंना.”

“तुला चालेल ना?”

“न चालायला काय झालं?” तिने सुतळी दाताने तोडली. मला ओरडावंसं वाटलं, की भांड, काहीतरी बोल. पण ओरडायला तोंड होतंच कुठे मला?

रविवारी सकाळी गेणबा मदतीला आला. सत्तरीचा माणूस, पण अजून भाताचं पोतं एकटा उचलतो. मोगरा, तुळस, कढीपत्ता त्याने फाटकापाशी नेऊन ठेवले. मग चाफ्याला हात घातला. चाफा माझ्या डोक्याच्या वर गेला होता. गेली दोन वर्षं तो असा काही फुलायला लागला होता की गावातल्या बायका फुलं मागायला यायच्या. मी त्याचं श्रेय इथल्या हवेला द्यायचो, गेणबा स्वतःच्या गोठ्यातल्या शेणखताला.

“आयला!” गेणबा म्हणाला. “ह्यो हलंना की.”

मीही एका बाजूने धरलं. डबा जागचा हलेना. गेणबाने पहार खाली घालून जरा उचकटली, वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघत सरळ झाला.

“रावसाहेब, तळ कवाच खल्लास झालाय. मनगटायेवढी मुळी गेलीया खाली. ह्यो डब्यात न्हाई, ह्यो जिमिनीत हाय.”

मी भिंतीकडे पाहिलं. आयुष्यभर मोजमाप करण्यात गेलं, पण स्वतःच्या अंगणातली भिंत मी कधी नीट पाहिली नव्हती. चुन्याच्या भिंतीवर प्रत्येक डब्याच्या मागे गंजाचे पट्टे होते. मोगऱ्याच्या जागी वीतवीत अंतरावर एकाशेजारी एक, तुळशीच्या जागी तसेच, कढीपत्त्याच्याही. दर अमावस्येचा एक. चाफ्याच्या मागे मात्र जुन्या पुसट खुणांवर एकच पट्टा होता. रुंद, गडद, खालपर्यंत ओघळलेला.

“हा कधीपासून सरकवला नाहीस?” मी विचारलं.

अनसूया तुळशीचा डबा पुसत होती. “झाली असतील तीनचार वर्षं.”

“का?”

“जड झाला होता. कंबर धरायची माझी.”

“आणि मोगरा उचलताना नाही धरत?”

ती पुसलेलाच डबा पुन्हा पुसू लागली. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. मी समजत होतो, हिचा माझ्यावर विश्वास नाही. दहा डबे ती सरकवत राहिली, मला ऐकू जाईल असे, आणि एक तिने गुपचूप सोडून दिला. माझ्या शब्दावर. आणि तो शब्द मी फाटकापाशी उभा राहून, मोबाइलवर, तिला न विचारता मोडला होता.

ती घरात गेली आणि कोयता घेऊन आली. मूठ माझ्याकडे करून तिने तो पुढे केला.

“कापा मूळ. वरून छाटून घेऊ. जगला तर जगला.”

“अनसूया...”

“तुम्हाला डॉक्टर जवळ पाहिजे,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय म्हणावं तसा. “मागच्या जुलैत जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्हाला नाही आठवायचं, मला आठवतं. झाडाचं काय एवढं! कापा.”

मी कोयता घेतला. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. तेव्हाही वाटत होती, आजही वाटते. मी चाफ्याशेजारी गुडघे टेकले आणि डब्याच्या गंजलेल्या कडेवर घाव घातला. पत्रा पापडासारखा फुटला. दुसरा घाव, तिसरा.

“आवो रावसाहेब, मुळी खाली हाय,” गेणबा म्हणाला. “पत्र्याला काय मारताय?”

“मला माहीत आहे मूळ कुठे आहे ते.”

मी हाताने पत्रा सोलत गेलो. एक कड बोटात घुसली, रक्त आलं. अनसूयाने पदराचं टोक फाडून दिलं नाही की मला थांबवलंही नाही. ती नुसती उभी राहून पाहत होती. चारी बाजू निघाल्या तेव्हा आतली माती डब्याच्या आकाराची तशीच चौकोनी उभी होती, चहूबाजूंनी बारीक मुळांनी आवळलेली, आणि खाली ती जाड मुळी सरळ जमिनीत गेलेली.

फाटकाच्या खांबावर ठेवलेला फोन वाजला. किशोर होता. टेम्पो चांदणी चौकातून निघालाय म्हणाला.

“टेम्पो परत पाठव,” मी म्हणालो. “तू ये. जेवायला ये.”

“बाबा, म्हणजे? पावसाळ्यात परत काही झालं तर?”

“पावसाळ्यात ठरवू काय ते. लागलंच तर चार महिने येऊन राहू तुझ्याकडे. पण घर इथेच. समोरासमोर बोलू, ये तू.”

तो चिडला. चिडायचा हक्क होता त्याला. पंधरा दिवसांत मी दोन माणसांना दिलेले दोन शब्द मोडले होते.

परत आलो तर अनसूया खाली बसून दोन्ही हातांनी माती ओढत होती. मी शेजारी बसलो आणि सवयीने चाफ्याभोवती बोटाने गोल आखायला लागलो.

“आळं नका करू,” ती म्हणाली. “पाणी तुंबेल. भर घाला.”

गेणबाने खाचराच्या बांधावरची माती घमेल्याने आणून टाकली. आम्ही ती चापून बसवली. ढीग गुडघ्याएवढा झाला. अनसूयाने उठून खोडाला हलकेच धक्का देऊन पाहिला. शेंडा हलला.

“वारं सुटलं की झोकांड्या खाईल. कळकाची काठी रोवून बांधून घ्यायला पाहिजे,” ती म्हणाली आणि कितीतरी वेळाने तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. “तुमची ती सुतळी आणा.”

सुतळीचा गुंडा केव्हाच संपला होता. सगळी सुतळी भांड्यांच्या पोत्यांना गेली होती. मी आत जाऊन पहिलं पोतं पुढ्यात घेतलं. गाठी तिने मारलेल्या होत्या, लांबच्या प्रवासाला मारतात तशा. कोयत्याने कापल्या असत्या, पण सुतळीचे तुकडे झाले असते. मी चष्मा लावला आणि एकेक गाठ नखाने सोडवत बसलो.