वावटळ अमेरिकेतली, विचारपूस मारेगावातली

अमेरिकेत वावटळी सुटल्या आणि मारेगावात विमलताईंच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं काळजीचं असतं तर चाललं असतं. ते जळफळाटाचं होतं.

धाकटी जाऊ सुमेधा शेजारच्याच घरात राहायची. तिचा अनिकेत अमेरिकेच्या मधल्या, सपाट मुलखात नोकरीला. तिथे तीन दिवस एकामागून एक टोर्नेडो उठत होते, घरंच्या घरं उचलून फेकत होते, आणि कालपासून पोराचा फोन नव्हता. सुमेधाच्या अंगणात सतरंज्या पडल्या. कोणी डबा आणतंय, कोणी कळंबच्या चिंतामणीला नवस बोलतंय. जो विचारणार नाही त्याचं नाव वर्षभर निघणार, म्हणून आर्णीपासून यवतमाळपर्यंतचे नातलग फोनवर फोन करत होते.

‘काळजीसुद्धा हिची फॉरेनची!’ विमलताई कुढल्या. गेल्या उन्हाळ्यातल्या वादळात त्यांच्या गोठ्याची टिनं उडाली, त्यांच्या लेकाच्या, अंकुरच्या कपाळाला टाके पडले, तेव्हा कुत्रंही फिरकलं नव्हतं. अंकुर रोज संध्याकाळी वावरातून घरी येतो ना! पिकतं तिथं विकत नाही.

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. नंबर अनोळखी.

“मोठी आई, मी अनिकेत. बरा आहो मी, तळघरात होतो. आईले लावतो, बाबाले लावतो, दोन्ही फोन बिझीच येऊन राह्यले. तू सांग तिले लवकर.”

“हो बाबा,” म्हणून विमलताईंनी फोन ठेवला आणि बसूनच राहिल्या. एवढी मोठी बातमी, आणि फक्त त्यांच्याकडे! घटकाभर तरी ती आपलीच असावी, असं त्यांना वाटलं. मग खिडकीतून सुमेधा दिसली. पुढ्यातल्या ताटाला तिनं हातही लावला नव्हता. विमलताई चपला न घालताच धावल्या.

“अनिकेतचा फोन आलता! मले! बरा आहे पोरगा!”

अख्खं अंगण उठून उभं राहिलं. त्यांना मधोमध बसवलं, चहा दिला, तेच तेच पुन्हा सांगायला लावलं. सुमेधा पोटभर रडली. मग डोळे पुसत तिनं विचारलं, “पण ताई, तुमाले काहून केला त्यानं फोन? मले काहून नाही केला?”

हा आवाज विमलताईंच्या चांगल्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो त्यांच्याच पोटात होता.

‘तुझा फोन बिझी होता,’ एवढंच सांगायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. विमलताईंनी त्यावर चहाचा घोट घेतला.