खाली चढे छे?

समाधानच्या पायातली चप्पल आमलीच्या भर बाजारात गळून पडली आणि त्याला पत्ताच नाही. एक पाय अनवाणी, तसाच तो पुढे चालत राहिला. मागून मी भाजीची पिशवी सावरत येत होते, मीच वाकून उचलली. "कुठं लक्ष असतं रे तुझं?" म्हणून चारचौघांत ओरडले. माझा हा भाऊ लहानपणापासून धांदरट, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते पुढच्या आठवड्यात. समाधान तेव्हा सुताच्या कारखान्याचा टेम्पो चालवायचा. किलवणीच्या वाटेवर टेम्पो जाऊन पेरूवाल्याच्या हातगाडीवर आदळला. पेरूवाला बाजूला उडी मारून वाचला. घरी येऊन समाधान भिंतीला टेकून बसला. "ताई, पाय ब्रेकवरच होता वं," तो म्हणाला. "माले तं असंच वाटनं. खाली पाह्यं तं पाय बाजूले."

मी किल्ली शेठला नेऊन दिली. सांगितलं, कमरेची नस दबलीय. शेठ म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो, मग दुसरा बघतो. खरं काय ते सांगण्याची सोय नव्हती. समाधानला एचआयव्ही आहे. तिकडे धुळ्यात ताप हटेना तेव्हा कळलं. बायको माहेरी गेली ती गेलीच, आईनं ताट-वाटी वेगळी केली. तेव्हा मी त्याला म्हटलं, चल माझ्याकडे. माझा नवरा वारल्यापासून मी इथं गुजराती मुलखात प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, खोली माझी, सांगणारं कुणी नाही. आणल्यावर वर्षभरात त्याला टीबी झाला. टीबीच्या गोळ्या वेगळ्या, एचआयव्हीच्या वेगळ्या. दमले मी. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

औषधं आणायला तो दर महिन्याला दवाखान्यात एकटाच जायचा. या खेपेला मी सुट्टी टाकून सोबत गेले. तिथल्या नर्स ममताबेन स्वभावानं चांगल्या, चेहऱ्यावर कधी आठी नाही. त्यांनी वजन केलं, खोकला विचारला आणि मग म्हणाल्या, "भाई, पगमां खाली चढे छे?"

"ना बेन," समाधान अगदी शहाण्या मुलासारखा बोलला. "अमारी रूम नीचेज छे. दादर नथी."

ममताबेनला ते 'ना' तेवढं ऐकू आलं. "सारू," म्हणून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

मी जागेवरच उभी राहिले. इतकी वर्षं गुजराती बायकांत पॅकिंग केलंय मी. पायात खाली चढणं म्हणजे पायाला मुंग्या येणं, पाय बधिर होणं. आणि हा बाबा समजला होता, त्या विचारतायत की पायांनी खाली-वर किती चढउतार करतोस! दर महिन्याला त्या विचारत होत्या आणि दर महिन्याला हा त्यांना आदबीनं सांगत होता की आमच्या घराला जिना नाही.

मला हसू आलं. खरंच आलं. मग असा संताप आला की काय सांगू. पण चिडायचं कुणावर? विचारणारीनं विचारलं होतं, सांगणाऱ्यानं सांगितलं होतं. मी ममताबेनचा हात धरला आणि म्हटलं, "बेन, एने खाली चढे छे. बहु वखतथी चढे छे."

त्यांचा चेहरा उतरला. त्या आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा हातावर आपटला, तो घुमायला लागला, आणि त्याचं टोक समाधानच्या अंगठ्यावर टेकवलं. काही नाही. घोट्यावर, काही नाही. गुडघ्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "हां, आता."

डॉक्टर म्हणाले, ही लागण नसांनाही धरते, आणि टीबीच्या गोळीनंही नसा बधिर होतात. याला दोन्ही बाजूंनी घेरलंय. त्यांनी नसांसाठी गोळी वाढवून दिली. एचआयव्हीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि पाय रोज बघायचे, कारण जखम झाली तरी याला कळणार नाही.

"पाय येतील ना परत?" मी विचारलं.

"काहींचे येतात, काहींचे नाही येत. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

तेव्हापासून रोज कामावरून आले की मी त्याच्या तळव्यांना तेल चोळते. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, माझ्या मनाचं आहे. तो डोळे मिटून पडतो. मी विचारते, "जाणवतं?" तो म्हणतो, "नही." कधी म्हणतो, "जरासं." त्या 'जरासं'वर माझा दुसरा दिवस निघतो.

दिवाळी तोंडावर आली. कारखान्यात माल जास्त, पाठीचा नुसता भुगा. त्या संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन बसले, बोटं बुडवली, आणि हात उचलेचना. तशीच बसून राहिले. सवयीनं तोंडातून गेलं, "जाणवतं?"

"हो ताई," तो डोळे मिटूनच म्हणाला. "आज अंगठ्यालेबी समजस. उद्या शेठकडे जाऊन येतो."

माझा हात माझ्या मांडीवर होता. तेल लुगड्यात मुरत होतं.

"मेल्या, हात ठेवलाच नाही मी अजून!" मी किंचाळले. "टेम्पोसाठी खोटं बोलतोस? कुणाला मारून येशील एखाद्या दिवशी!"

त्यानं डोळे उघडले. आधी पायांकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"टेम्पो कसाले?" तो हळूच म्हणाला. "तो आता मना हाती येत नही, माले माहीत से. शेठले तेच सांगाले जानं होतं. दुसरा ड्रायवर ठेव म्हनून."

"मग हो कशाला म्हणालास?"

"हो म्हटलं म्हणजे तू झोपशी."

असा राग मी कुणावर करू? वाटी बाजूला सरकवली आणि त्याच्या तळव्यावर हात ठेवला. पाय गार होता. समाधान माझ्याकडेच बघत होता, त्याला काही कळलं नव्हतं.

म्हणून मी सांगितलं, "आता ठेवला बघ."