मध्ये काच नको

मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि डॉक्टर वन्संना म्हणाले, "आता खुशाल घरी जा." परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. शहरातली एक अख्खी संध्याकाळ मोकळी! वन्संनी तिथेच जाहीर केलं, "आज बोटीवर जेवायचं."

वहिनींना पाणी बादलीतलंच बरं वाटे. पण वन्संचा भाऊ गेल्यापासून घरात या दोघीच. वन्संना एकटं पाठवणं त्यांच्या मनाला पटेना.

धक्क्यावरच्या तिकीटखिडकीशी दोन बोटींचे फोटो लावले होते. एक तीन मजली, काचबंद, आत गाणंबजावणं. दुसरी लहानशी, उघडी.

"मोठीच द्या," वहिनी घाईनं म्हणाल्या. "ती डुलत नाही ना?"

"फारशी नाही," खिडकीतली बाई हसली.

"अगं वहिनी, रात्री काचेत आपलीच थोबाडं दिसतील!" वन्सं म्हणाल्या. "इतकी वर्षं मी धुक्यातून बघितलंय. आता मध्ये काच नको." पण वहिनींचा उतरलेला चेहरा पाहून त्या नरमल्या. "बरं, राहू दे. मोठीच द्या हो."

"नाही, लहानच द्या," वहिनी एकदम म्हणाल्या. "पण वन्सं, माझा हात सोडलात तर याद राखा!"

बोट निघाली तेव्हा वहिनींचे डोळे घट्ट मिटलेले. वन्संचं तोंड मात्र थांबेना. "ती बाई बघ, गच्चीवर दोरीवरचे कपडे काढतेय. आणि पुलावर लाल टोपीवाला, सायकल ढकलत चाललाय बिचारा!"

शेवटी वहिनींना राहवेना. त्यांनी डोळे उघडले. "कुठला टोपीवाला? मला तर नुसते दिवे दिसतायत. प्रत्येकाभोवती कडं असलेले. छान दिसतात नाही?"

वन्संचा घास हातातच राहिला. "कडं? दिव्यांना कडं नाही गं. वहिनी, कधीपासून दिसतं तुला असं?"

"असेल दोनेक वर्षं. मला वाटलं, सगळ्यांनाच दिसतं."

वन्संनी कपाळावर हात मारला आणि मग दोघी इतक्या हसल्या, की शेजारच्या टेबलावरचं जोडपंही हसायला लागलं.

"उद्याची गाडी रद्द," वन्सं म्हणाल्या. "सकाळी आधी डॉक्टर."

वहिनींनी मान डोलावली, मासळीचा आणखी एक तुकडा वाढून घेतला आणि बोट वळली तरी पाण्याकडे बघत सावकाश जेवत राहिल्या.